मला कुठे दम लागतो?

आत्याला जिन्यात गोष्टी सांगायची सवय लागली होती. तिसऱ्या मजल्यावर जायचं तर पहिल्या वळणावर ती कठड्याला हात टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "दादा लहानपणी इथंच घसरला होता, सांगितलं का तुला?" सांगितलेलं असायचं. ती तरी पुन्हा सांगायची. दुसऱ्या वळणावर दुसरी गोष्ट. मी चार पायऱ्या वर, हातात पिशव्या घेऊन, मागे वळून ऐकत उभी. वाटायचं, वय झालं की जुनं आठवतं माणसाला, आठवू दे. घरात शिरलं की मात्र गोष्ट तिथल्या तिथे सुटायची आणि ती खुर्चीत बसून डोळे मिटून घ्यायची.

मी इको काढते. हृदयाची सोनोग्राफी म्हणा हवं तर. एकोणीस वर्षं झाली. दिवसाला पंधरा-वीस हृदयं पडद्यावर येऊन जातात आणि त्यांत अरुंद झालेली एऑर्टिक झडप, म्हणजे हृदयातून महाधमनीत उघडणारी झडप, नवलाईची राहिलेली नाही. आम्ही आपसांत नुसतं 'सिव्हिअर एएस' म्हणतो आणि पुढचा पेशंट बोलावतो. तरीही दोन वर्षं मी त्या जिन्यात उभी राहून गोष्टी ऐकल्या.

उघड झालं ते मोतीबिंदूमुळे. डोळ्याच्या ऑपरेशनआधी फिटनेस लिहून आणायची होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, मग वर उजवीकडे, मग मानेवर, आणि परत छातीवर. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "आधी कुणी इको सांगितला होता का?" आत्याचा मला फोन आला तो तक्रारीच्या सुरात. "डोळा दाखवायला गेले तर हिनं काळीज काढलं. मला कुठे दम लागतो?"

दुसऱ्या दिवशी तिला आमच्याकडे आणलं. डाव्या कुशीवर झोपवलं, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगितला, जेल लावलं. "गार आहे गं." झडप दिसताक्षणी मला कळलं. चांगल्या झडपेच्या पाकळ्या इतक्या पातळ असतात की पडद्यावर धड दिसतही नाहीत. फडकन उघडतात, फडकन मिटतात. इथं पांढरा, चमकणारा एक गोळा होता. प्रत्येक ठोक्याला तो उघडल्यासारखं करत होता.

मग डॉपलर. रक्त झडपेतून किती वेगानं बाहेर पडतं ते मोजायचं. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तोच प्रकार. वाट जितकी चिंचोळी तितका वेग जास्त. एकच अट, आपली लहर रक्ताच्या धारेच्या सरळ रेषेत पडायला हवी. तिरकी पडली तर वेग कमी दिसतो. हृदयाच्या टोकाकडून पाहिलं तर आकडा आला सेकंदाला ३.४ मीटर. निरोगी माणसात तो एक-दीडच्या आसपास असतो आणि चारच्या पुढे गेला की आजार गंभीर. म्हणजे ३.४ 'मध्यम' झाला.

खरं सांगते, हात थांबला. मध्यम चाललं असतं मला. सहा महिन्यांनी परत बघू म्हटलं असतं. पण ते पाकळ्यांचं रूप आणि हा आकडा एकमेकांना ओळख देईनात. तिला उजव्या कुशीवर वळवलं आणि पेन्सिलीसारखा छोटा प्रोब घेतला. या प्रोबमध्ये चित्र दिसत नाही. नुसता आवाज ऐकत, आंधळ्यासारखं चाचपत शोधायचं. छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला तो टेकवला. "श्वास सोड. आता धरून ठेव." आवाज बारीक होत शिट्टीसारखा चढला आणि दुसऱ्याच ठोक्याला तिनं भसकन श्वास घेतला. आलेख गेला. "मला नाही धरवत गं." असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा दीड ठोका हाती लागला. ४.५.

वेगाचा वर्ग करायचा आणि चारनं गुणायचं, की झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मिळतो. ४.५ चा वर्ग २०.२५, त्याची चौपट ८१ मिलिमीटर पारा. तिच्या दंडाला पट्टी बांधून बीपी १३० येत होतं, म्हणजे तेव्हा आत डावा कप्पा दोनशेच्या आसपास जोर लावत होता. आणि बीपी नॉर्मल म्हणून आम्ही सगळे खूश होतो. निरोगी झडप उघडते तेव्हा तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट होते. आत्याची होती ०.७. करंगळीच्या नखाहून लहान.

मी यंत्राकडे बघत राहिले. आत्या पाठमोरी होती, ते बरं झालं.

आमच्या सरांची एक पद्धत आहे. ते या पेशंटना 'दम लागतो का' असं कधी विचारत नाहीत. विचारतात, "मागच्या वर्षी काय काय करत होता जे यंदा करत नाही?" आत्या आधी म्हणाली, तसं काही नाही. मग एकेक निघायला लागलं. गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद, कारण पावसाचा भरवसा नाही; दोरी खोलीतच बांधून घेतली. संध्याकाळचं फिरणं बंद, रस्त्यावर कुत्री फार झालीत. रात्री दोन उशा, मानेसाठी. काम करताना गुणगुणायची ते बंद, "आवाजच गेला माझा." प्रत्येकाला कारण होतं आणि एकही कारण खोटं नव्हतं. पाऊस येतोच की अवेळी. कुत्री वाढलीच आहेत. तिनं दम लागू दिलाच नव्हता. दम लागेल ते ते सारं ती आधीच सोडून देत आली होती. म्हणून 'दम लागतो का' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर तिच्या बाजूनं शंभर टक्के खरं होतं.

"जिना?" सरांनी विचारलं.

"जिना चढते की. तिसऱ्या मजल्यापर्यंत. हिला विचारा."

मी काही बोलले नाही. मला पहिलं वळण आठवलं, आणि दुसरं.

सरांनी रक्ताचा रिपोर्टही मागवला. हिमोग्लोबिन ९.१. दोन वर्षं ती लोहाच्या गोळ्या घेत होती, वर जाऊन पुन्हा खाली यायचं. या आजाराची ही एक चमत्कारिक बाजू आहे. एडवर्ड हाइड नावाच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहून कळवलं होतं की एऑर्टिक झडप अरुंद झालेल्या काही पेशंटच्या आतड्यातून रक्त जातं आणि कारण सापडत नाही. कारण सापडायला पुढं बराच काळ गेला. रक्त गोठायला मदत करणारं एक लांबलचक प्रथिन त्या चिंचोळ्या वाटेतून जाताना ताणलं जातं, त्याचे तुकडे होतात, आणि मग आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या पाझरत राहतात. दुखणं छातीत, गळती पोटात.

आत्याचा पहिला प्रश्न होता, "कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून झालं का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. नळाच्या तोटीवर क्षार साचतात तसं काहीसं चित्र लोकांच्या डोक्यात असतं आणि डॉक्टरही समजावताना तेच सांगतात. प्रकार त्याहून वेगळा आहे. झडपेतल्या पेशीच हळूहळू हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या काही झडपांत सूक्ष्मदर्शकाखाली खरंखुरं हाड सापडलेलं आहे. आपली झडप दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते. इतकी वर्षं ती झिजतेही आणि दुरुस्तही होत राहते. ते दुरुस्तीचं काम कुठेतरी चुकतं आणि तिथे चुना धरायला लागतो. जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असल्या तर हे दहा-वीस वर्षं आधीच होतं. काहींना लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडपा खराब होतात, ती गोष्ट वेगळी.

औषध नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी हे लांबेल असं फार वाटलं होतं. २००५ आणि २००८ मध्ये चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत काही फरक दिसला नाही. आणि वाट बघण्यातही अर्थ नसतो. जॉन रॉस आणि यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेला हिशेब आमच्या क्षेत्रात अजून सांगतात: छातीत दुखायला लागलं की सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडायला लागलं की तीन, हृदय थकून धाप लागायला लागली की दोन. हे मला एकोणीस वर्षं पाठ होतं. आत्याला मी ते सांगितलं नाही. सरांनी सांगितलं, बऱ्याच मऊ शब्दांत, आणि तिनं चष्मा पुसून घेतला.

मग निवड. छाती उघडून, हृदय थांबवून जुनी झडप कापून काढायची आणि नवी शिवायची, ही जुनी आणि खात्रीची वाट. दुसरी टावी. जांघेतल्या धमनीतून नळी सरकवत हृदयापर्यंत न्यायची आणि जुन्या झडपेच्या आत नवी उघडायची. कमी वयाच्या माणसाला आजही बहुधा पहिलीच सुचवतात. ऐंशीच्या आसपास आलेल्याला दुसरी. मधल्यांच्या बाबतीत चर्चा, मतभेद, मीटिंगा. आत्या ७९ वर्षांची.

टावीबद्दल एक गोष्ट मला पहिल्यापासून विलक्षण वाटते. यात जुनी झडप काढतच नाहीत. नवी झडप धातूच्या जाळीत शिवलेली असते, ती उघडली की जुन्या पाकळ्या चारी बाजूंना भिंतीशी दाबल्या जातात. आणि टाके नाहीत, मग ती तिथे टिकते कशावर? त्याच चुन्यावर. ज्या कॅल्शियमनं वाट बंद केली तेच जाळीला घट्ट पकडून ठेवतं. ज्यांची झडप नुसती गळते, चुना धरलेला नसतो, त्यांच्यात ही नेहमीची जाळी निसटायची भीती असते. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे खोळंबा करणाराच आता दार धरून उभा राहणार."

ही कल्पना ज्यांना सुचली त्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. हेनिंग रुड अँडरसन हे डेन्मार्कमधले तरुण डॉक्टर. १९८९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत हुलिओ पालमाझ यांचं भाषण ऐकायला बसले होते. पालमाझ सांगत होते हृदयाच्या बारीक धमन्यांत घालायच्या स्टेंटबद्दल. अँडरसनांच्या मनात आलं, हाच स्टेंट मोठा केला आणि आत झडप बसवली तर? घरी परतून त्यांनी खाटकाकडून डुकरांची हृदयं आणली, तार वाकवून जाळी केली, त्यात झडप हातानं शिवली आणि १ मे १९८९ रोजी एका डुकराच्या हृदयात बसवूनही दाखवली. त्यांचा लेख छापून यायला १९९२ साल उजाडलं. त्याआधी तो नाकारला गेला होता.

तिकडे फ्रान्समध्ये रुआं इथं अलॅं क्रिबिए हे वेगळ्या वाटेनं त्याच जागी येत होते. १९८५ मध्ये त्यांनी अरुंद झडप फुग्यानं फाकवून बघितली. पेशंटला लगेच बरं वाटायचं आणि काही महिन्यांत झडप पुन्हा आवळायची. मग त्यांनी शवविच्छेदनातल्या चुना धरलेल्या झडपांत स्टेंट उघडून पाहिला, तो ओढूनही निघेना. तरी जाणकार म्हणत राहिले की हे माणसात होणार नाही. १६ एप्रिल २००२ ला त्यांनी ते केलं. पेशंट ५७ वर्षांचा, हृदय जवळपास बंद पडत आलेलं, सर्जननी नाही म्हटलेलं. पायांच्या धमन्याही इतक्या खराब की शिरेतून शिरून, हृदयातला मधला पडदा भेदून पलीकडे जावं लागलं. झडप बसली, चालली. तो माणूस सुमारे चार महिने जगला आणि दुसऱ्याच गुंतागुंतींनी गेला. २०१० मध्ये मोठी चाचणी आली ती अशाच, ऑपरेशन झेपणार नाही अशा ३५८ पेशंटवर. नुसत्या नेहमीच्या उपचारावर ठेवलेल्यांपैकी वर्षभरात ५०.७ टक्के गेले, टावी केलेल्यांपैकी ३०.७ टक्के. या दोन्ही आकड्यांकडे बघते तेव्हा मला आधी हेच दिसतं की ती माणसं किती आजारी होती.

आता जो तो टावीला 'छोटंसं प्रोसिजर' म्हणतो. मला हा शब्द चीड आणतो. चीर छोटी असते, बस्स. जाळी उघडते त्याला लागूनच हृदयाची विजेची वायर जाते. ती दबली तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो, आणि ते साधारण दहात एकाला तरी लागतं. चुन्याचा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. जांघेतली धमनी फाटू शकते. सरांनी हे सगळं आत्याला सांगितलं. तिनं विचारलं, "आणि नाही केलं तर?" सर म्हणाले, "तर जिना." पुढं बोलले नाहीत.

आधी सीटी स्कॅन. झडपेच्या तळाचं कडं मोजतात. ते गोल नसतं, लंबगोल असतं, आणि मिलिमीटरचा हिशेब चुकला तर जाळी सैल बसून कडेनं रक्त गळतं किंवा अतिघट्ट बसून कडंच फाटतं. जांघेपासून हृदयापर्यंतची सगळी धमनी बघतात, नळी जाईल का, वळणं किती. आत्याची धमनी सुदैवानं रुंद आणि सरळ होती.

त्या दिवशी मी काचेच्या अलीकडे होते. नातेवाईक म्हणून मला बाहेरच बसवायला हवं होतं खरं तर, पण तिथं मला कुणी नातेवाईक समजत नाही. पलीकडे टेबलावर नवी झडप सलाइनच्या भांड्यातून विसळत होते. पाकळ्या गाईच्या हृदयावरच्या आवरणाच्या, ज्या द्रावणात त्या मुरवून ठेवतात ते पूर्ण निघून जायला हवं, म्हणून एका भांड्यातून दुसऱ्यात. मग ती झडप दाबून दाबून फुग्यावर आवळली. उघडी असताना नाण्याएवढी दिसणारी वस्तू बघता बघता पेनाएवढी झाली.

आत्याला भूल पुरती दिली नव्हती, नुसती गुंगी. आतल्या नळ्यांवरून पडद्यावर दोन रेषा चालल्या होत्या, एक डाव्या कप्प्यातला दाब, दुसरी महाधमनीतला. कप्प्याची रेषा उंच डोंगर, महाधमनीची त्याच्या पोटात एक टेकाड. दोघांमधली ती पोकळी म्हणजे तिचं दोन वर्षांचं सगळं: गच्ची, फिरणं, गुणगुणणं.

"पेसिंग." तारेतून हृदयाला मिनिटाला १८० ठोके द्यायला लागले. इतक्या वेगात हृदय नुसतं थरथरतं, बाहेर रक्त टाकत नाही, म्हणून झडप उघडताना ती ढकलली जात नाही. दाबाची रेषा पन्नासच्या खाली जवळपास सपाट झाली. फुगा फुगला. मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. फुगा उतरला. "पेसिंग बंद." आणि मग काहीच नाही. एक पूर्ण सेकंद असेल, जास्त नसेल. मी टेबलाची कड धरली होती हे मला नंतर बोटांवरच्या वळांवरून कळलं.

पहिला ठोका आला. दुसरा. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या होत्या. डोंगर नाही, टेकाड नाही, एकच उतार. आत कुणीतरी "छान" म्हणालं, आणि आत्या डोळे न उघडता म्हणाली, "झालं का?"

रात्रभर तिला तात्पुरत्या पेसमेकरवर ठेवलं, तो लागला नाही. जांघेत तळहाताएवढा काळानिळा डाग पडला, तो महिनाभर सगळ्यांना वर्णन करून सांगायला पुरला. तिसऱ्या दिवशी घरी. सोबत रक्त पातळ ठेवणारी एक गोळी, आणि दातांचं काही करायचं असेल तर आधी कळवायची ताकीद, कारण नव्या झडपेवर जंतू बसले तर फार वाईट. ही झडप किती वर्षं चालेल? दहा, कदाचित त्याहून बरीच जास्त. बिघडली तर तिच्या आत आणखी एक बसवता येते. "बाहुलीत बाहुली," आत्या म्हणाली.

घरी नेलं तेव्हा मी सवयीनं चार पायऱ्या पुढं जाऊन पहिल्या वळणावर थांबले. ती माझ्या बाजूनं वर गेली. दादा घसरल्याची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही. अजून निघालेली नाही.

महिन्याभरानं परत इको. हिमोग्लोबिन १०.८ वर आलं होतं. डाव्या कुशीवर झोपवलं, जेल लावलं, "गार आहे गं" झालं. नवी झडप पडद्यावर जाळीच्या दोन उजळ रेघांमध्ये दिसत होती आणि पाकळ्या दिसत नव्हत्या. मला फार बरं वाटलं. वेग १.९. तो टोकाकडून. पण एकदा पोळले होते, म्हणून उजव्या कुशीवर वळवून छोटा प्रोब घेतला. "श्वास सोड. आता धरून ठेव." आवाज हलका, खालच्या पट्टीतला. पाच ठोके, सहा ठोके, स्वच्छ आलेख एकापाठोपाठ एक. तिकडूनही १.९ च. मी चित्र थांबवलं, कर्सर लावला, कडा आखली, दाबातल्या फरकाची सरासरी काढली, ८ आली. परत एकदा आखून बघितलं. ८ च. आकडे फॉर्ममध्ये भरत होते तेव्हा पाठमोऱ्या आत्याचा, दाबून धरलेला, बारीक आवाज आला.

"अगं, घेऊ का आता?"